रुखवतातला ग्रह

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. उन्हानं नाही, बँडनं नाही, दारात येऊन पडणाऱ्या पत्रिकांनीही नाही. रुखवतानं फिरतं. परवा संग्रामपूरला एका लग्नात जेवण झाल्यावर सवयीनं रुखवत पाहायला गेले. थर्माकोलचं देऊळ, मण्यांचे मासे, लोकरीचा कुत्रा, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, सगळं जागच्या जागी. आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला भाड्याच्या दुकानाची चिकटपट्टी. नवरीच्या आईला मी विचारलं, "पोरीनं यातलं काय केलं?" ती हसून म्हणाली, "पोरीले कुठं टाइम आहे वं बाई! सेट आणला." रुखवताचा सेट! मी दोन घोट पाणी प्याले आणि मांडवाबाहेर पडले, कारण दुसऱ्याच्या मांडवात भांडू नये एवढं मला कळतं.

पण घरी येताना रस्ताभर धुसफुसत होते. अहो, अख्ख्या लग्नात नवरीला तोंड उघडायची सोय नसते. मान खाली, कपाळाला मुंडावळ्या, मामा म्हणतील तेव्हा उठायचं, भटजी म्हणतील तेव्हा बसायचं. तिच्या वतीनं बोलणारी एकच गोष्ट मांडवात असते, ती म्हणजे ते टेबल. सगळी वरात त्याच्यापुढून जाते, बाया वाकून वाकून पाहतात, आणि कोणीतरी म्हणतं, हे नवरीनं स्वतः केलं बरं का. तेवढं एक वाक्य मिळतं पोरीला, आणि तेही आता भाड्यानं आणायचं म्हणे.

मला ते वाक्य पाहिजे होतं. नुसतं पाहिजे नव्हतं, त्याच्यावर माझं पुढचं सगळं अडलं होतं.

माझ्या लग्नाचा तो उन्हाळा आठवला की आधी वास येतो. आमच्या सोनाळ्याला उत्तरेकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते, आणि चैत्र-वैशाखात तिकडून वारा आला की त्यात मोहफुलांचा गोडसर, थोडा आंबूस वास असतो. त्या वर्षी त्या वासात आणखी दोन मिसळले होते. एक डिंकाचा आणि एक थिनरचा. आई म्हणायची, "नवरीच्या घरी मेंदीचा वास यावा, इथं येऊन राह्यला रंगाच्या दुकानाचा." मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, आणि संग्रामपूरच्या एका दुकानात मोबाइल, मिक्सर, पंखे, जे येईल ते दुरुस्त करत होते. रोज सकाळी काळीपिवळी जीपमध्ये माणसांच्या मांड्यांवर बसल्यासारखी जायची आणि संध्याकाळी बोटांना कथिलाचे चटके घेऊन परत यायची. ते चटके मला आवडायचे, खरं सांगते.

स्थळ आलं ते जानेफळचं. आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेहकरकडे. मुलगा गजानन, शेती करणारा, बोलायला सरळ, हसला की एक गाल आधी हसायचा. मला तो पसंत होता, लपवायचं काय त्यात. घर पाहायला गेलो तेव्हा मी घर कमी पाहिलं आणि त्यांची समोरची खोली जास्त पाहिली. रस्त्यालगत, दोन पायऱ्या, दाराला वरून पत्र्याची सावली, आत नुसती पोती. दुकानासाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. साखरपुड्याच्या दिवशी मी सासूबाईंना, म्हणजे आमच्याकडे आत्याबाई म्हणतात त्यांना, सगळ्यांसमोर विचारलं, "लग्नानंतर त्या समोरच्या खोलीत मी दुरुस्तीचं दुकान टाकलं तं चालन का?" आईनं मागून असा चिमटा काढला की पाठीला आठवडाभर वळ होता. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाहू."

पाहू! मोठ्या माणसांच्या तोंडचा हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. सहलीला जाऊ का, पाहू. सायकल घेता का, पाहू. त्या 'पाहू'च्या पोटात गेलेली एक गोष्ट परत आलेली मला माहीत नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, माणूस भांडेल नाहीतर रडेल. पण पाहूशी भांडताही येत नाही. जीपमध्ये बसून घरी येताना मी ठरवलं की अक्षता पडायच्या आधी या बाईकडून मला स्वच्छ 'हो' घ्यायचंय. नंतर विचारलं तर मी सून असेन आणि सुनेचे प्रश्न चुलीमागे पडतात. कसं घ्यायचं ते माहीत नव्हतं, पण घ्यायचं होतं.

आणि मग तो सिनेमा डोक्यात आला. नाव घेत नाही, त्यात काही फार होतं असंही नाही. एक बाई असते, जहाज चालवणारी, आणि तिच्या खोलीत एक मुठीएवढा ग्रह हवेत तरंगत असतो. तांब्याच्या रंगाचा, जागोजागी हिरवा चढलेला, खड्डे पडलेला. समुद्र उसळतो, माणसं इकडून तिकडे आपटतात, पण तो ग्रह काही जागचा हलत नाही. मोबाइलवर मी तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला होता. दुकानात तेव्हाच एक गिऱ्हाईक तरंगत्या शोभेच्या दिव्याचा बिघडलेला खालचा भाग टाकून गेलं होतं, "ठेव तुलेच" म्हणून. चौकोनी काळा डबा, आत चार गुंडाळ्या, मधोमध, वरचं चुंबक कुठं आहे ते ओळखणारी इवलीशी चकती. वर चुंबक धरलं की गुंडाळ्या त्याला क्षणोक्षणी सावरतात. ते डावीकडे घसरलं की डावीकडची ढकलते, उजवीकडे गेलं की उजवीकडची. मी एक जळालेला भाग बदलला आणि तो डबा जिवंत झाला. त्याच्यावर दिवा ठेवायचा नव्हता मला. मला तो ग्रह ठेवायचा होता, रुखवतात, सगळ्या वरातीसमोर. म्हणू दे मग कोणी 'पाहू'.

आईला सांगितलं. ती वांगी चिरत होती. "लोकाईच्या पोरी सप्तपदी करते, तुळशीवृंदावन करते. तू गोटा ठेवतं रुखवतात?"

"गोटा नाही, ग्रह."

"अवं माय! लग्नात ग्रह शांत करते लोकं, अन् हे पोट्टी घरी आणून राह्यली!" असं म्हणून ती स्वतःच हसत सुटली आणि वांग्याचा तुकडा माझ्या अंगावर फेकला.

पहिला ग्रह मी कागदाच्या लगद्याचा केला. फुग्यावर थर चढवले, वाळवला, भिंतीला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, लावून घासला, झकास गुळगुळीत झाला. डब्यावर धरला तर दगडासारखा खाली बसला. त्याला तरंगायचं आहे हेच मी विसरले होते. जन्मभर मजबूत करायची सवय, हलकं करायची नाही. मग थर्माकोलचा गोळा आणला, दोन फाका करून आतून चमच्यानं कोरला, खालच्या फाकेत चुंबकाची चकती बसवली. बाहेरून डबीतला फवारा मारला तांब्याच्या रंगाचा. डोळ्यांदेखत गोळा फुसफुसला आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे पडले. थिनर थर्माकोलला खातो, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलेलं! अशी चिडले, अशी चिडले, की गोळा अंगणात भिरकावला आणि लिंबाखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं राग उतरल्यावर उचलून आणला आणि पाहते तर काय, खड्डे अगदी सिनेमातल्यासारखे.

तिसऱ्या गोळ्याला म्हणून मी मुद्दाम थिनरचे थेंब दिले, काडीनं, हवे तिथेच. मग पांढऱ्या डिंकाचा पातळ हात, त्यावर पतंगाच्या कागदाचे तुकडे, पुन्हा डिंक. डिंक वाळला की थिनर आत शिरत नाही. तरी रंग पाण्यातलेच घेतले. आधी सगळा काळा. त्यावर तांब्याचा, पण ब्रशनं नाही, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा जेमतेम रंगात बुडवून, कागदावर पुसून, मग ठिपत ठिपत. म्हणजे खड्ड्यांत काळं राहतं आणि उंचवट्यावर तांबं चढतं. देवघरातला जुना तांब्या समोर ठेवला होता, चिंचेनं न घासलेला, कारण मला त्याच्या काठाशी साचलेला हिरवा पाहिजे होता. तो हिरवा मला सहजासहजी सापडेना. पोपटी व्हायचा, नाहीतर गोठ्यातल्या शेवाळासारखा. शेवटी हिरव्यात पांढरा आणि चिमूटभर निळा घालून पाणी पाणी करून सोडला, आणि तो खड्ड्यात ओघळून आपोआप कडेला जमला. मग जुन्या दातांच्या ब्रशनं गडद तपकिरी शिंतोडे उडवले. ते माझ्या नाकावरही उडाले आणि आरशात मीच एक ग्रह झाले होते.

हे सगळं दुपारी चालायचं. दुपारी सोनाळ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. घरातले सगळे जेवून आडवे व्हायचे आणि मी मागच्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून बसायची. पंखा चालू असला की तरंगणारा गोळा डुलतो, आणि ओल्या रंगावर धूळ बसते. वैशाखातली दुपार, पत्र्याचं छप्पर आणि बंद पंखा. घाम कोपरापर्यंत ओघळायचा आणि मी हनुवटी खांद्याला पुसत काम करायची. मोठी काकू एकदा दार ढकलून आत आली आणि किंचाळलीच, "अवं मरशीन नं! हळदीआधी काळी पडशीन!" ही मोठी काकू म्हणजे आमच्या घरचं चालतंबोलतं पंचांग. कुठल्या वेळी काय करावं आणि काय करू नये हे तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे पापडसुद्धा लाटत नाहीत. मी तिला म्हटलं, "काळी तं काळी. जानेफळवाल्याइनं पसंत केली आता." ती डोक्यावर हात मारून निघून गेली, पण संध्याकाळी ताकाचा तांब्या दाराशी ठेवलेला होता.

रंग झाला तर गोळा तिरपा राहायला लागला. हिरव्या बाजूला थर जास्त झाले होते. जड बाजू खाली झुकायची. मग फाका उघडून त्या बाजूनं आतून खरवडायचं, मिटायचं, ठेवून पाहायचं, पुन्हा उघडायचं. मला माझ्या चिकाटीचं कौतुक सांगायचं नाही. चिकाटी नव्हतीच ती, हट्ट होता. हट्टाला आपल्याकडे चांगलं नाव नाही, विशेषतः पोरीच्या हट्टाला, पण माझी अर्धी कामं त्याच्याच जिवावर झाली आहेत.

आणि मग तो ठेवण्याचा क्षण. दोन्ही हातांत गोळा धरून वरून सावकाश खाली आणायचा. आधी काहीच वाटत नाही. मग खालून कोणीतरी तळव्याला ढकलतं. डावीकडे जातो, सावरायचा. पुढे घसरतो, सावरायचा. आणि मग एक जागा येते जिथे हाताला ना ढकल लागते, ना ओढ. हातात वस्तू आहे आणि हाताला तिचं वजन नाही. तिथे बोटं उघडायची. पहिल्यांदा तो राहिला तेव्हा दुपार होती, बाहेर कावळा ओरडत होता, आणि मी तोंडावर ओढणी दाबून रडले. डब्याच्या दोन बोटं वर तो सावकाश फिरत होता, तांब्याची बाजू, मग काळी, मग हिरवी. हे माझ्या हातांनी केलंय, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं. आजही कधी बाळाला झोपेत पाळण्यात ठेवायचं असलं, की माझे हात आपसूक तसेच खाली जातात आणि ती जागा शोधतात.

लग्नाच्या तयारीत मी रुखवताचाच बंदोबस्त जास्त केला. वीज जाणार हे गृहीत, म्हणून डब्याला मोटारसायकलची बॅटरी जोडली. टेबलाजवळ पंखा नको, लोखंडी खुर्ची नको, बुंदीचं पातेलं पितळेचं. आई म्हणाली, "वरातीची सोय कमी अन् गोट्याची जास्त."

हळदीच्या दिवशी सकाळी हळद लागली, आंघोळ झाली, पिवळी साडी नेसले आणि बाहेरच्या खोलीत टेबल मांडून पाहायला गेले. गोळा ठेवला, पडला. पुन्हा ठेवला, थरथरला आणि बाजूला उडी मारून पडला. बॅटरी पाहिली, ठीक. तारा पाहिल्या, ठीक. फाका उघडून चकती पाहिली, घट्ट. बाया गोळा झाल्या. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे हळद लागल्यावर काम करू नये. मी पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. उद्या वरात येणार आणि माझ्या टेबलावर हा गोटाच राहणार. मी ओट्यावर जाऊन बसले, आणि मागून आईचा आवाज आला, "अवं! इकडं ये! माह्या हातानं राह्यला!"

धावत गेले. खरंच तरंगत होता. आई दोन्ही हात हवेत तसेच ठेवून उभी होती, हलली तर पडेल म्हणून. मी जवळ गेले आणि तो धाडकन पडला. आई माझ्याकडे पाहायला लागली आणि त्या नजरेचं मला फार वाईट वाटलं, कारण तिलाही तेच वाटत होतं जे बायांना वाटत होतं. मी दात-ओठ खाऊन पुन्हा वाकले, आणि वाकताना कमरेशी काहीतरी ओढल्यासारखं झालं. कोणीतरी साडीची निरी धरून खेचावं तसं. हात लावला तर अडकित्ता!

हळद लागली की आमच्याकडे नवरीनं लोखंड अंगाशी ठेवायचं असतं, बाहेरचं काही लागू नये म्हणून. मोठ्या काकूनं सकाळीच माझ्या कमरेला चांगला जाडजूड अडकित्ता खोचून दिला होता. मी खोलीतलं सगळं लोखंड हुसकावलं होतं आणि स्वतःच लोखंड घेऊन फिरत होते! मी इतकी हसले, इतकी हसले, की बायांना वाटलं आता खरंच काही लागलं.

"काकू, हे काढतो मी घडीभर."

"खबरदार!" काकूचा आवाज माजघरातून आला. "अक्षता पडेपर्यंत लोखंड सोडायचं नसते."

"मंग माहं रुखवत होत नाही."

"नाही झालं तं नाही झालं."

आता काय? काकूशी भांडण म्हणजे भिंतीशी भांडण. पण मला तो गोळा तरंगायला पाहिजे होता आणि काकूही पाहिजे होती. मी तिला हाताला धरून टेबलाजवळ आणलं, अडकित्ता कमरेतून काढून तिच्याच हातात दिला आणि गोळ्याजवळ न्यायला सांगितलं. गोळा थरारला, काकूच्या हाताला ओढ लागली. "अरे बाप्पा!" म्हणून ती मागे सरली. पुन्हा पुढे नेला, पुन्हा मागे. तिला ते आवडायला लागलं होतं हे माझ्या लक्षात आलं, पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. मग ती आत गेली आणि हळदीत भिजवलेलं सूत घेऊन आली. एक टोक अडकित्त्याला, एक माझ्या मनगटाला. अडकित्ता खोलीच्या पार त्या कोपऱ्यात ठेवला. "सुटलं नाही नं? बांधलेलंच आहे नं? मंग झालं तं." मी तिच्या पाया पडले, ती म्हणाली, "पाया उद्या पड, आज गोटा ठेव."

लग्नाच्या दिवशी वरात आली ती आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे उशिरा, नाचून नाचून. पत्रिकेतला मुहूर्त केव्हाच टळला होता. टेबल सकाळीच मांडवात हलवून ग्रह ठेवला होता, आणि मी आतल्या खोलीत शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली, मनगटाच्या सुताला कोपऱ्यातला अडकित्ता. रुखवताशी गर्दी झाल्याचा गलका ऐकू यायला लागला. "अवं हे पाहा!" "खालून काडी असंन." "काडी नाही वं, हात घालून पाह्यला म्या." मी खिडकीशी सरकले. नवरदेवाला लग्नाआधी रुखवताशी आणतात, चार घास खाऊ घालतात. आत्याबाई बरोबर होत्या. आता त्या पाहतील, आता कोणीतरी सांगेल, हे नवरीनं केलं.

आणि एकदम खण्णकन आवाज. मग हशा, आणि हशाच्या मागून एक म्हातारा आवाज, "हे काही चांगलं नाही झालं."

मी खिडकीतून पाहिलं. सगळ्या लोखंडाचा बंदोबस्त केला होता मी, नवरदेव तेवढा राहिला होता! हळद लागल्यापासून त्याच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार, पोलादी, हातभर. तो कौतुकानं ग्रहावर वाकला असणार; ग्रहानं उडी घेतली ती थेट कट्यारीवर. तो दचकला, हात झटकला, आणि ग्रह सुटून मांडवाच्या लोखंडी खांबाला जाऊन चिकटला होता, डोक्याच्या वर, बाजूला चेमटलेला. खाली वरात तोंड वर करून पाहत होती. गजानन कट्यार धरून असा उभा होता, जसा काही त्यानं कोणाचा खून केला.

बोलावल्याशिवाय नवरीनं मांडवात येऊ नये. मी आले, मनगटाचं सूत मागे उलगडत. आईनं "अवं, अवं" म्हणत पदर धरला, तो सोडवला. खांबाचा ग्रह ओढून काढला. चकती सुटली होती, एक फाक दबली होती, हिरव्या बाजूचा टवका गेला होता. मी शालूसकट सतरंजीवर मांडी घातली आणि लहान भावाला माझी हत्यारांची पिशवी आणायला सांगितली. भटजी म्हणाले, "अहो, आधीच उशीर झालाय."

"मंग आणखी होईन," मी म्हटलं.

चकती जागेवर ठेवली, पटकन सुकणारा पक्का डिंक लावला. तो सुकेपर्यंत फाका दाबून धरायला चार हात लागतात. गजानन माझ्यासमोर उकिडवा बसला. "मी धरू?"

"आधी ते हातातलं दूर ठेवा."

त्याचे मामा गरजले, "कट्यार सोडायची नाही बरं का!" आणि गर्दीतून मोठी काकू आली, कंबर कसून, हातात हळदीचं सूत. कट्यारीला एक टोक, नवरदेवाच्या मनगटाला एक, आणि कट्यार स्वतः घेऊन मांडवाच्या दाराशी जाऊन बसली. "सुटली का? नाही नं? मंग बसा गुपचूप," तिनं मामांना सांगितलं. मामा बसले.

त्यानं फाका धरल्या. मी स्पंजनं टवक्यावर तांबं ठिपलं. सगळी वरात, बँडवाले, आचारी, सगळे माझ्या बोटांकडे पाहत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. पण हातांना काम मिळालं की माझी भीती मागे बसून राहते. मी उठले. दोन्ही हातांत धरून खाली आणला. ढकल लागली. घसरला, सावरला. ती जागा आली, आणि मी बोटं उघडली.

राहिला. चेमटलेला, एका अंगानं थोडा वाकडा, पण राहिला, आणि फिरायला लागला.

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. आत्याबाई पुढे आल्या. त्यांची बोली आमच्यापेक्षा जराशी मराठवाड्याकडे झुकलेली. त्यांनी वाकून, डब्याच्या खालून, बाजूनं, सगळीकडून पाहिलं. "तू केलं?"

"हो."

"अन् आता मोडलं तेबी तूच नीट केलं."

"हो."

"लई बाई हट्टी दिसती तू," त्या म्हणाल्या, आणि त्यात राग किती आणि काय किती हे मला कळेना. बँडवाल्यानं पिपाणी तोंडाला लावली. दोघं जण अंतरपाट उलगडत होते. लोक अक्षता घ्यायला वळले. मला कळलं की आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही.

"आत्याबाई, समोरच्या खोलीचं सांगा. दुकानाचं."

"आत्ता? कामून इतकी घाई?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"अंतरपाट धरला की मले बोलता येणार नाही. हो तं हो, नाही तं नाही. नाही म्हणलं तरी लग्न मी करतो, गजानन मले पसंत आहे. पण पाहू म्हणू नका."

बाबांनी मान खाली घातली, आई माझ्या मागे उभी होती आणि तिनं या वेळी चिमटा काढला नाही. आत्याबाईंनी मान वळवली, माझ्याकडे नाही, सतरंजीवर अजून तसाच उकिडवा बसलेल्या आपल्या लेकाकडे.

"गजू, समोरच्या खोलीतले सोयाबीनचे पोते मागच्या पडवीत टाकायला लाव आज घरी गेल्या गेल्या. वरातीची पोरं आहेत तोवर. उद्या कोणी हाताला लागणार नाही."

गजाननचा एक गाल आधी हसला, मग दुसरा. मी डोळे पुसले, हाताला लागलेलं तांबं कपाळाला लागलं असणार, त्याचं काही नाही. पाटावर जाऊन उभी राहिले, पदर सारखा केला आणि भटजींना म्हटलं, "धरा आता अंतरपाट."